मॅजेस्टिक : बोलपटाचे पहिले घर

मुंबईत चर्नी रोड स्थानकावर उतरून गिरगावच्या मुख्य रस्त्याला लागले की मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर नावाची इमारत दिसते. आत दुकाने आहेत, कचेऱ्या आहेत, दिवसभर माणसांची वर्दळ असते. याच जागेवर मॅजेस्टिक सिनेमा उभा होता. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट इथे लागला. पूर्ण लांबीच्या चित्रपटातली माणसे भारतीय भाषेत बोलताना आणि गाताना भारतीय प्रेक्षकांनी पहिल्यांदा ऐकली ती या थिएटरात. सत्तरच्या दशकात थिएटर पाडले गेले. तिथे ज्या चित्रपटाने इतिहास घडवला, त्याचीही एकही प्रत आज शिल्लक नाही.

गिरगाव आणि सिनेमा

मॅजेस्टिक गिरगावात उभे राहिले यात नवल नव्हते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा मुंबईतला पहिला खेळ काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात झाला. तो मुख्यतः साहेब लोकांसाठी होता. सिनेमाला मराठी, गुजराती आणि पारशी प्रेक्षक मिळाला तो गिरगाव, ग्रँट रोड आणि लॅमिंग्टन रोडच्या पट्ट्यात. नाटकांचा शौक या वस्तीत आधीपासून होता. दादासाहेब फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट पाहिला आणि आपणही असे काही करावे हे त्यांच्या मनाने घेतले, ते गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये.

सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर, कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ हे थिएटर होते. दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी इथेच दाखवला गेला. ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'ही इथेच लागला आणि २३ दिवस चालला. चित्रपट एकटाच दाखवण्याची तेव्हा रीत नव्हती. नाच, विनोदी नकला, पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचे खेळ अशी भरगच्च करमणूक एकाच तिकिटात मिळायची. तिकिटाच्या मोबदल्यात तासन् तास नाटक पाहायची सवय असलेल्या प्रेक्षकाला तासाभराचा मूकपट तोकडा वाटे, म्हणून ही भर घालावी लागत असे.

'राजा हरिश्चंद्र'नंतर पाचच वर्षांत, १९१८ मध्ये, मॅजेस्टिक उभे राहिले. थिएटर हा आता बारमाही चालणारा धंदा झाला होता आणि त्यात पैसा घालणारे व्यापारी पुढे येऊ लागले होते.

तंबूतून पक्क्या इमारतीत

मॅजेस्टिकचे मालक दोघे होते. अर्देशीर इराणी यांचा जन्म १८८६ साली पुण्यात झाला. अमेरिकेच्या युनिव्हर्सल कंपनीच्या चित्रपटांचे वितरण करता करता ते या व्यवसायात शिरले. त्यांचे भागीदार अब्दुलअली इसूफअली हे मूळचे सुरतचे. विसाव्या शतकाच्या आरंभी तंबू आणि प्रोजेक्टर बरोबर घेऊन ते ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा, सुमात्रा, सिलोन असे हिंडले. त्यांचा तंबू १०० फूट लांब आणि ५० फूट रुंद होता. त्यात हजारभर माणसे बसत. चित्रपट तेव्हा कापडासारखे फुटांवर विकत मिळायचे. एका गावचा प्रेक्षक आटला की तंबू उतरवायचा आणि पुढचे गाव गाठायचे, असा हा व्यवसाय होता. नगर जिल्ह्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांत पुढे अनेक दशके तग धरून राहिलेला तंबू सिनेमा हा याच परंपरेतला.

१९०८ नंतर इसूफअलींनी हिंदुस्थानात तंबू फिरवला आणि १९१४ मध्ये ते मुंबईत स्थिरावले. त्याच वर्षी इराणींच्या भागीत त्यांनी अलेक्झांड्रा थिएटर घेतले. चार वर्षांनी दोघांनी मॅजेस्टिक बांधले. तंबूवाल्याने प्रेक्षकाच्या मागे जायचे असते. पक्क्या थिएटरच्या मालकाला प्रेक्षक आपल्या दारात आणावा लागतो, आणि त्यासाठी दर आठवड्याला पडद्यावर काहीतरी नवे हवे असते. इराणी निर्मितीकडे वळले त्यामागे हीच निकड होती. १९२२ मध्ये त्यांनी भोगीलाल दवे यांच्यासह स्टार फिल्म कंपनी काढली. पुढे मॅजेस्टिक याच नावाची निर्मितीसंस्थाही त्यांनी चालवली, आणि विसाच्या दशकाच्या मध्यावर इंपीरियल फिल्म कंपनी उभी केली. स्टुडिओ आपला, कलावंत पगारी, वितरण आपले आणि थिएटरही आपलेच, अशी साखळी इराणींच्या हाती आली. पहिला बोलपट कुठे लावायचा हा प्रश्न म्हणूनच त्यांना पडला नाही.

मूकपटांच्या काळातले थिएटर मुके नव्हते. पडद्यासमोर पेटी-तबला घेतलेले वादक बसत आणि प्रसंग पाहून साथ करीत. पाटीवरचा मजकूर ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी काही ठिकाणी तो मोठ्याने वाचून दाखवला जाई. बोलपट आला आणि या वादकांची गरज संपली.

रात्री घडलेला बोलपट

१९२९ मध्ये अमेरिकेत निघालेला 'शो बोट' हा अंशतः बोलणारा चित्रपट इराणींनी मुंबईच्या एक्सेलसियर थिएटरात पाहिला आणि हिंदुस्थानी बोलपट काढायचे ठरवले. त्यांनी निवडले ते जोसेफ डेव्हिड यांचे पारशी रंगभूमीवर गाजलेले नाटक. नायिका झुबेदा आणि नायक मास्टर विठ्ठल. हाणामारीच्या मूकपटांमुळे विठ्ठल अफाट लोकप्रिय होते. दुसऱ्या कंपनीशी असलेला करार मोडून ते इंपीरियलमध्ये आले, तेव्हा झालेल्या खटल्यात त्यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली. पृथ्वीराज कपूर, जगदीश सेठी आणि डब्ल्यू. एम. खान यांच्याही भूमिका होत्या. खानांनी फकिराच्या भूमिकेत गायलेले गीत हे भारतीय बोलपटातले पहिले गाणे ठरले. चित्रपटात एकूण सात गाणी होती. गाण्यांवाचून बोलपट नाही हा आपल्याकडचा पायंडा पहिल्याच चित्रपटाने पाडला.

आवाज टिपण्यासाठी टॅनार पद्धतीचे यंत्र आणले होते. त्यात चित्र आणि ध्वनी एकाच वेळी एकाच फिल्मवर उमटत. आवाज नंतर वेगळा भरायची सोय नव्हती. एक शब्द चुकला की सगळा प्रसंग पुन्हा. यंत्राबरोबर विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकी तंत्रज्ञ आला. महिनाभरात इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी काम शिकून घेतले आणि ध्वनिमुद्रण स्वतःच्या हाती घेतले. खरी अडचण आगगाडीची होती. स्टुडिओ लोहमार्गाजवळ होता, आणि बाहेरचा आवाज अडवील असा बंदिस्त मंच तेव्हा कोणाकडेच नव्हता. दिवसा गाड्यांचा खडखडाट फिल्मवर उतरायचा. त्यामुळे रात्री लोकल थांबल्या की चित्रीकरण सुरू व्हायचे आणि पहाटेच्या पहिल्या गाडीआधी आवरायचे. मायक्रोफोन प्रेक्षकाला दिसू नयेत अशा बेताने इकडेतिकडे लपवलेले असत, आणि नटांना त्यांच्या रोखाने बोलावे लागे. कित्येक महिन्यांच्या अशा जागरणांचा हिशेब पडद्यावर दोन तास चार मिनिटांचा झाला.

१४ मार्च १९३१

त्या शनिवारी मॅजेस्टिकसमोर सकाळपासूनच लोक जमू लागले. पहिला खेळ दुपारी होता. गर्दी आवरेना तेव्हा पोलीस बोलवावे लागले. इसूफअलींनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, रांग लावून तिकीट काढायची पद्धत तेव्हा प्रेक्षकांना ठाऊकच नव्हती. बुकिंगच्या खिडकीवर लोक अक्षरशः तुटून पडत. चार आण्यांचे तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकले जात होते. मूळ किमतीच्या सोळा ते वीस पट हा दर. तिकिटांचा काळाबाजार करणारे मुंबईला त्याआधीही ठाऊक असतील, पण बोलपटाने त्यांचे भाग्य उजळले.

जाहिरातीचा सगळा भर आवाजावर होता. चित्रपटाला ७८ कलावंतांचे आवाज लाभले आहेत आणि मेलेली माणसे जिवंत होऊन बोलू लागली आहेत, अशा थाटाची ती जाहिरात होती. सुरुवातीचे आठ आठवडे मॅजेस्टिकवर हाऊसफुल्लचा फलक लागत राहिला.

परिणाम झपाट्याने झाले. त्याच वर्षी इंपीरियलने 'कालिदास' हा पहिला तमिळ बोलपट काढला. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी बोलला. १९३३ मध्ये इराणींनी मुंबईतच पहिला फारसी बोलपट तयार केला. तीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत मूकपटांचा जमाना संपला. ज्यांना भाषा नीट बोलता येत नव्हती असे कितीतरी नट-नट्या मागे पडले आणि नाटकातल्या गायक नटांना नवे दार उघडले.

शेजारची थिएटरे

मॅजेस्टिकच्या आसपास दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत थिएटरांची दाटी होती. दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनचा, भालजी पेंढारकरांनी दिग्दर्शित केलेला 'श्यामसुंदर' १९३२ मध्ये वेस्ट एन्ड थिएटरात लागला आणि २७ आठवडे चालला. एकाच थिएटरात पंचवीस आठवड्यांची मजल गाठणारा तो पहिला भारतीय बोलपट मानला जातो. त्यात कृष्ण झालेला मुलगा अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा होता. शाहू मोडक यांचा जन्म तिथल्या ख्रिस्ती कुटुंबात १९१८ साली झाला. या भूमिकेने ते घराघरांत पोचले. पुढे 'माणूस'मधला पोलीस गणपत आणि 'संत ज्ञानेश्वर'मधले ज्ञानदेव यांमुळे ते मराठी प्रेक्षकांच्या कायमचे लक्षात राहिले. वेस्ट एन्ड हे थिएटर पुढे नाझ या नावाने ओळखले जाऊ लागले.

गिरगावातच सेंट्रल सिनेमा होता. प्रभातचा 'संत तुकाराम' १२ डिसेंबर १९३६ रोजी तिथे लागला आणि ५७ आठवडे मुक्काम ठोकून राहिला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. गिरगावच्या दुसऱ्या टोकाला रॉयल ऑपेरा हाऊस. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या नाट्यगृहात पुढे चित्रपट दाखवले जाऊ लागले.

या थिएटरांना जगवले ते चाळींनी. दोन खोल्यांत आठ-दहा माणसे राहत, पाहुणा आला की मुले व्हरांड्यात झोपत. अशा घरातून बाहेर पडून तीन तास पंख्याखाली बसायला मिळणे हेही तिकिटाच्या पैशांत येत होते. थिएटरला चालत जाता यायचे. रात्रीचा शेवटचा खेळ संपला तरी ट्रामची किंवा लोकलची चिंता नसायची. मॅजेस्टिकच्या मराठी प्रेक्षकाला म्हणूनच ते थिएटर वाडीतल्या देवळाइतके किंवा साहित्य संघाच्या नाट्यगृहाइतके आपले वाटत असे. मराठी चित्रपट लागणारे हक्काचे ठिकाण अशीही मॅजेस्टिकची ओळख झाली होती.

फुटपाथवरचा स्टॉल

थिएटरभोवती जो बाजार भरतो त्यात भेळवाला, पानवाला आणि इराणी हॉटेल असतेच. मॅजेस्टिकपाशी त्यात पुस्तकांची भर पडली. १९४२ मध्ये केशवराव कोठावळे यांनी या थिएटरजवळ फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा स्टॉल मांडला. थिएटरची खूण सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे स्टॉललाही तेच नाव चिकटले : मॅजेस्टिक बुक स्टॉल. खेळ सुरू व्हायला वेळ असला की प्रेक्षक पुस्तके चाळीत. हळूहळू लेखकही तिथे रेंगाळू लागले.

स्टॉलमधून प्रकाशनसंस्था उभी राहिली. जानेवारी १९६४ मध्ये कोठावळ्यांनी 'ललित' हे मासिक सुरू केले. जयवंत दळवींनी 'ठणठणपाळ' हे नाव घेऊन साहित्यिकांची जी रेवडी उडवली, ती याच मासिकातून. पार्ल्याला भरणाऱ्या 'मॅजेस्टिक गप्पा' हा लेखक-वाचकांच्या भेटीचा वार्षिक सोहळा झाला. १९८३ मध्ये कोठावळे गेले, पण संस्था, मासिक आणि गप्पा यांच्यामुळे मॅजेस्टिक हे नाव मराठी वाचकाच्या तोंडी राहिले. आज हे नाव घेणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुस्तके येतात. नावाचा उगम चित्रपटगृहात आहे हे अनेकांना माहीत नसते.

थिएटर का पडले

अर्देशीर इराणी १९६९ मध्ये वारले. त्यानंतर थोड्याच वर्षांत मॅजेस्टिक पाडले गेले आणि त्या जागी शॉपिंग सेंटर आले. मुंबईत तोवर बरेच काही पालटले होते. १९६४ मध्ये ट्राम बंद झाली. गिरगावातली तरुण बिऱ्हाडे जागेअभावी पार्ले, बोरिवली, डोंबिवलीकडे सरकू लागली आणि चालत येणारा प्रेक्षक घटला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढे आठवड्याचा चित्रपट घरबसल्या दिसू लागला.

सगळ्यांत वजनदार कारण होते जमीन. थिएटर म्हणजे एक प्रचंड पोकळी. दिवसातून तीन-चार खेळांपुरती ती भरणार, आणि मिळालेल्या पैशांतला मोठा हिस्सा करमणूक करात जाणार. त्याच जमिनीवर मजले चढवून गाळे विकले तर एकरकमी पैसा हाती येतो. गिरगावसारख्या ठिकाणी हे गणित मालकाला कळायला वेळ लागत नाही. जुन्या थिएटरच्या जागी नवे बांधकाम करताना छोटे तरी प्रेक्षागृह ठेवावे, अशी अट पुढे नियमांत आली. मॅजेस्टिकला तिचा उपयोग झाला नाही.

वास्तू जपण्याचा कायदाही तेव्हा नव्हता. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. देशातली ती पहिली, पण मॅजेस्टिक पडल्यावर वीस-एक वर्षांनी आलेली. शिवाय अशा नियमांत आधी नजर जाते ती घडीव दगडी इमारतींकडे. ऑपेरा हाऊसचे नशीब याच कारणाने वेगळे निघाले. १९९३ मध्ये तेही बंद पडले होते. पण त्याच्या नक्षीदार वास्तूला वारसा म्हणून मान्यता होती आणि मालक असलेल्या गोंडलच्या राजघराण्याला ते टिकवायचे होते. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले. मॅजेस्टिकचे महत्त्व भिंतींत नव्हते, तिथे घडलेल्या प्रसंगात होते. आणि प्रसंगाला संरक्षण देणारे कलम कुठल्याच नियमावलीत नसते.

मॅजेस्टिकनंतरची यादी लांबलचक आहे. पुण्याच्या मंडईजवळचे, १९१५ मध्ये सुरू झालेले आर्यन हे त्या शहराचे पहिले चित्रपटगृह १९८३ मध्ये पाडले गेले. तिथे आता वाहनतळ आहे. 'शोले' पाच वर्षे चालवणारे लॅमिंग्टन रोडवरचे मिनर्व्हाही राहिले नाही. ऐंशीच्या दशकात व्हिडिओने आणि २००१ नंतर करसवलत मिळालेल्या मल्टिप्लेक्सांनी एकपडदा थिएटरांचे कंबरडे मोडले. तालुक्याच्या गावांतही टॉकीजच्या जागी मंगल कार्यालये आणि व्यापारी संकुले दिसू लागली.

काय उरले

'आलम आरा' नायट्रेट फिल्मवर होता. ही फिल्म चटकन पेट घेते, आणि नीट राखली नाही तर आपोआप कुजते. तिच्यातली चांदी काढून विकण्यासाठी अनेक जुने चित्रपट नष्ट केले गेले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. त्याचे शिल्पकार पी. के. नायर यांनी देशभर हिंडून कितीतरी चित्रपट वाचवले, पण 'आलम आरा' त्यांच्या हाती लागला नाही. नानूभाई वकील यांनी १९५६ आणि १९७३ मध्ये याच कथेवर पुन्हा चित्रपट काढले. मूळ चित्रपटाची भरपाई या चित्रपटांनी होत नाही. काही छायाचित्रे, जाहिराती आणि पुस्तिका एवढेच साहित्य अभ्यासकांपुढे आहे. अलीकडे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला, या चित्रपटाच्या प्रती ज्यावर काढल्या असे सांगितले जाते ते शिकागोच्या बेल अँड हॉवेल कंपनीचे यंत्र, मुंबईतल्या वेषभूषा भाड्याने देणाऱ्या एका दुकानात आढळले.

थिएटरच्या जागेपुरते बोलायचे तर शॉपिंग सेंटरने मॅजेस्टिक हे नाव राखले आहे. आसपासच्या चाळींच्या जागी उंच इमारती चढत आहेत आणि २०२५ पासून गिरगावच्या पोटातून भुयारी मेट्रो धावते आहे. कॉरोनेशन, मॅजेस्टिक, वेस्ट एन्ड आणि सेंट्रल ही चार नावे एकत्र घेतली की भारतीय चित्रपटाची पहिली पंचवीस वर्षे जवळजवळ पुरी होतात, आणि या चारही थिएटरांमधले अंतर पायी तासाभरात पार पडते. ऑपेरा हाऊसपासून सुरू करून ही वाट चालता येते. वाटेत जुन्या थिएटरांच्या खुणा मात्र इमारतींच्या पाट्यांवर शोधाव्या लागतात.